शाब्ली : नाव मोठे, माती थोडी

1950च्या दशकात 'शाब्ली' हे नाव जगभर झाले होते. कॅलिफोर्नियात मोठमोठ्या बाटल्यांत भरलेली स्वस्त पांढरी वाइन या नावाने खपत होती. ऑस्ट्रेलियातही कोणत्याही कोरड्या पांढऱ्या वाइनला 'शाब्ली' म्हणायची रीत होती. त्या वाइनमध्ये कोणती द्राक्षे आहेत, ती कुठे पिकली, हे कोणी विचारत नसे. पुढे गॅलो या अमेरिकी कंपनीने तर 'पिंक शाब्ली' नावाची गुलाबी वाइनही बाजारात आणली. आणि ज्या गावाचे हे नाव, त्या फ्रान्समधल्या छोट्याशा शाब्लीभोवती द्राक्षवेलींखाली उरलेली जमीन होती जेमतेम पाचशे हेक्टर, म्हणजे सव्वा हजार एकर. 1956च्या कडक हिवाळ्यात गावकरी ले क्लो या टेकडीच्या बर्फाळ उतारावरून स्की करत खाली आले, असे तिथे अजून सांगतात. गावातली ही सर्वांत नावाजलेली जमीन, पण तिचा बराच भाग पडीक असल्याने वेली आडव्या येण्याचा प्रश्नच नव्हता.

नाव वाढत गेले आणि माती आटत गेली, असे का झाले? आणि तीच माती पुढच्या पन्नास वर्षांत दहापट कशी झाली? शाब्लीचा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

शाब्ली पॅरिसच्या आग्नेयेला सुमारे 180 किलोमीटरवर, योन जिल्ह्यात सरँ नावाच्या लहान नदीकाठी वसले आहे. कागदोपत्री ते बरगंडी प्रांतात मोडते. पण बरगंडीची वाइनची राजधानी म्हणजे बोन हे शहर इथून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे आणि शॅम्पेनच्या दक्षिणेकडच्या बागा त्यापेक्षा कितीतरी जवळ. म्हणून हवामान शॅम्पेनसारखे थंड, पण द्राक्ष बरगंडीचे. इथे एकच जात लावतात, शार्दोने. गावकरी तिला जुन्या सवयीने 'बोन्वा', म्हणजे बोनची, म्हणत आले आहेत.

खरे वैशिष्ट्य जमिनीखाली आहे. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, ज्युरासिक काळाच्या अखेरीस, इथे उथळ आणि उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला चिखल आणि शंखशिंपले यांचा आज राखाडी मातकट चुनखडीचा थर झाला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला किमरिजियन म्हणतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किमरिज गावात हाच थर उघडा पडलेला दिसतो, त्यावरून हे नाव आले. शाब्लीच्या उतारावर एखादा दगड उचलून उन्हात फिरवला, तर त्यात नखाएवढी, स्वल्पविरामासारखी वळलेली कालवांची कवचे गच्च बसलेली दिसतात. टेकड्यांच्या माथ्यावर मात्र पोर्टलंडियन नावाची जास्त कडक चुनखडी आहे आणि तिच्यात ही कवचे नाहीत. दोन थरांमधल्या या फरकाने पुढे गावाची दोन गटांत फाळणी केली.

द्राक्षबागेचा लेखी इतिहास सुरू होतो तो पळून आलेल्या भिक्षूंपासून. नवव्या शतकात व्हायकिंग लोक लुआर नदीतून वर येऊन लुटालूट करत होते. तूर शहरातले भिक्षू सेंट मार्टिनचे अवशेष सोबत घेऊन पूर्वेकडे निघाले आणि 867 मध्ये राजा शार्ल द बाल्डने शाब्लीचा छोटा मठ त्यांच्या हवाली केला. पुढे 1114 मध्ये जवळच पोंतिन्यी इथे सिस्टर्शियन पंथाचा मठ उभा राहिला. ही माणसे कष्टाळू आणि हिशेबी होती. चारच वर्षांत त्यांनी सेंट मार्टिनच्या भिक्षूंकडून शाब्लीतल्या बागा खंडाने कसायला मिळवल्या. शार्दोने इथे त्यांनीच आणली असे परंपरा मानते. इंग्लंडच्या राजाशी भांडून देशाबाहेर पडलेला आर्चबिशप थॉमस बेकेट 1164 ते 1166 या काळात याच पोंतिन्यीच्या आश्रयाला राहिला होता. मठाचा दबदबा केवढा होता, हे त्यावरून कळते.

भिक्षूंनी बागा लावल्या, पण गाव श्रीमंत झाले ते पाण्याच्या वाटेने. सरँ नदीत मोठ्या होड्या चालत नाहीत. वाइनची पिंपे बैलगाड्यांवर लादून वीस किलोमीटरवरच्या ओसेरला नेत. तिथून योन नदीने ती सेन नदीत आणि सरळ पॅरिसच्या धक्क्यावर पोचत. रस्ते खराब असलेल्या त्या काळात राजधानीपर्यंत पाण्याची वाट असणे हीच मोठी मिळकत होती. 1568 मध्ये धर्मयुद्धाच्या धामधुमीत ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, सैन्याने गाव जाळले तेव्हा व्यापार काही काळ कोलमडला, पण वाट शाबूत असल्याने तो पुन्हा उभा राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या बागा सरकारजमा होऊन लिलावात गेल्या, त्यांचे तुकडे पडले आणि मालक बदलले. व्यापाराला त्याचीही झळ फारशी लागली नाही.

एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात सुमारे 40,000 हेक्टरवर द्राक्षे होती. त्यातली बहुतेक वाइन पॅरिसच्या कष्टकऱ्यांसाठी पिंपावारी जाणारी साधी वाइन होती. उंची मालाची ख्याती मात्र फार दूर पोचली होती. टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'मध्ये ओब्लोन्स्की मॉस्कोच्या एका रेस्टॉरंटात लेविनला जेवायला नेतो, कालवे मागवतो आणि जेवणासाठी शाब्ली. ही कादंबरी 1870च्या दशकातली आहे. रशियन उमरावाच्या जेवणात शाब्ली हवी हे तेव्हा वाचकाला समजावून सांगावे लागत नव्हते.

गंमत अशी, की त्याच सुमारास गावाच्या पायाखालची वाट सरकू लागली होती. पॅरिस ते मार्सेय हा लोहमार्ग 1850च्या दशकात पूर्ण झाला. तो तोनेर गावावरून गेला, शाब्लीला वळसा घालून. पण शाब्लीला स्टेशन मिळाले नाही हे त्यातले लहान दुखणे. मोठे दुखणे असे, की दक्षिणेच्या उन्हात भरघोस पिकणारी लांगदोकची स्वस्त, तांबडी, कडक वाइन रेल्वेने पॅरिसला येऊ लागली. थंडीत कुडकुडत, दंवाशी झगडत काढलेली योनची साधी वाइन तिच्यापुढे किमतीत टिकेना. नदीने जे दिले, ते रेल्वेने काढून घेतले.

मग रोग आले. आधी भुरी, मग 1880च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेली ही बारीक कीड मुळांवर बसून वेल मारते. अमेरिकन जंगली वेलींची मुळे तिला दाद देत नाहीत, म्हणून त्यांच्या खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे बांधायची, हा उपाय तोवर ठाऊक झाला होता. पण शाब्लीच्या चुनखडीत तेही जमेना. बहुतेक अमेरिकन खुंट चुन्याच्या जमिनीत लोह घेऊ शकत नाहीत, पाने पिवळी पडतात आणि वेल खंगते. 1887 मध्ये पिएर व्हियाला हा फ्रेंच शास्त्रज्ञ चुना सोसणाऱ्या वेलीच्या शोधात अमेरिकेला गेला. टेक्सासमध्ये त्याला बर्लांडिएरी नावाची जात दाखवली गेली. तिच्या संकरातून '41 बी' हा खुंट निघाला आणि शाब्ली व शॅम्पेनच्या चुनखडीत तो आजही लावतात.

उपाय मिळाला, पण पैसा आणि माणसे कुठून आणायची? कलमांची लागवड खर्चाची होती आणि पॅरिसची गिऱ्हाइके आधीच तुटली होती. त्यात पहिल्या महायुद्धाने तरुण पिढी ओढून नेली. बऱ्याच कुटुंबांनी वेली पुन्हा लावल्याच नाहीत. गहू पेरला, गायी पाळल्या. दुसरीकडे शाब्लीच्या नावाने भलत्याच गावांची वाइन विकणे हा व्यापाऱ्यांचा धंदा होऊन बसला.

मूळ गावातल्या लोकांनी याला दोन प्रकारे तोंड दिले. 1923 मध्ये आबे बालित्रां या धर्मगुरूच्या पुढाकाराने 'ला शाब्लिझिएन' ही सहकारी संस्था निघाली. लहान बागायतदाराने द्राक्षांचा रस संस्थेला द्यायचा आणि वाइन करणे, साठवणे व विकणे संस्थेने पाहायचे. आज शाब्लीच्या एकूण उत्पादनाचा सुमारे पाव हिस्सा या संस्थेतून येतो. दुसरा उपाय कायद्याचा होता. 1938 मध्ये सरकारी आपेलासियाँ मिळाली, म्हणजे ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या द्राक्षाची, ठरलेल्या रीतीने केलेली वाइनच फ्रान्समध्ये शाब्ली म्हणून विकता येईल. हद्द आखताना कसोटी धरली ती किमरिजियन मातीची. माथ्यावरच्या पोर्टलंडियन जमिनीसाठी 1944 मध्ये 'पेती शाब्ली' हा वेगळा, धाकटा दर्जा काढला.

कायद्याने चोर अडवता येतो, आभाळ अडवता येत नाही. जून 1940 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात गावाचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. 1945 च्या वसंतात दंवाने पीक जवळजवळ पुसून टाकले आणि 1957 मध्ये पुन्हा तेच झाले. फ्रान्सच्या उत्तरेत एप्रिलमध्ये वेलींचे डोळे फुटतात आणि कोवळे कोंब बाहेर येतात. मेच्या 11, 12 आणि 13 तारखांना ज्यांचे सण असतात, त्या तीन संतांना तिथले शेतकरी 'बर्फाचे संत' म्हणतात, कारण तोवर दंवाचा भरवसा नसतो. एका रात्रीत पारा शून्याखाली दोन-तीन अंश गेला, की सकाळपर्यंत कोंब काळे पडतात आणि वर्षाची कमाई जाते. निफाडच्या बागायतदाराला ही धास्ती नवी नाही. थंडीच्या लाटेत तोही बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे पाणी सोडतो. मात्र निफाडला जे एखाद्या वर्षी होते, ते शाब्लीला दर वसंतात दाराशी उभे असते.

दर चार-पाच वर्षांनी हातात काहीच न येणारी जमीन कोण कशाला लावील? म्हणून शाब्लीचे पुनरुज्जीवन वाइनच्या तळघरात झाले नाही, ते दंवाच्या रात्री बागेत झाले. पहिला उपाय तेलाच्या भट्ट्यांचा. वेलींच्या ओळींमधून शेकडो लहान भट्ट्या मांडायच्या, मध्यरात्री पारा उतरला की घरच्या सगळ्यांनी जाऊन त्या पेटवायच्या आणि पहाटेपर्यंत तेल घालत राहायचे. धूर आणि काजळी भरपूर, खर्च त्याहून जास्त.

दुसरा उपाय ऐकायला उफराटा वाटतो. गोठवणाऱ्या रात्री वेलींवर पाणी फवारायचे. 1960च्या आसपास त्याचे प्रयोग सुरू झाले. पारा शून्याला टेकला की तुषारांचे पाणी कोंबांवर पडू लागते आणि गोठते. पाणी गोठताना उष्णता सोडते, ती कोंबाला मिळते. बाहेर उणे पाच अंश असले, तरी बर्फाच्या काचेत बसलेला हिरवा कोंब शून्याच्या आसपास राहतो आणि वाचतो. अट एकच, पाणी खंडता कामा नये. मध्येच नळी तुंबली किंवा पंप बंद पडला, तर ओल्या कोंबावरचे पाणी उडून जाताना उलट उष्णता खेचते आणि फवारणी न केलेल्या वेलीपेक्षाही जास्त नुकसान होते. म्हणून सूर्य वर येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत माणसे नळ्यांवर नजर ठेवून उभी असतात. एवढे पाणी सरँ नदीतून पुरेना, तेव्हा जवळच्या बेन गावाशी खास यासाठी कृत्रिम तलाव खणला.

पिकाची हमी आली तसा पैसा आला, बँका कर्ज देऊ लागल्या, पडीक उतारांवर पुन्हा वेली उभ्या राहिल्या. आणि मग गावात भांडण पेटले.

प्रश्न साधा होता. नवी लागवड कुठवर होऊ द्यायची? बागायतदार विल्यम फेव्र यांच्या गटाचे म्हणणे होते, की किमरिजियन माती म्हणजेच शाब्ली. ती सोडून माथ्यावर गेलात की फक्त नाव उरते. माझ्यापाशी नाव आहे म्हणून मी कुठेही वेल लावीन, हे कॅलिफोर्नियाने केले आणि तेच तुम्ही गावात करणार का? माल्यिन्यी गावचे बागायतदार जाँ द्युरुप दुसऱ्या गटाचे. त्यांचे म्हणणे, की माती कागदावरच्या रेषेने ठरत नाही. उतार, ऊन आणि हवा तेवढीच महत्त्वाची आहे, आणि चांगल्या जमिनी केवळ भूगर्भाच्या नकाशाकडे बोट दाखवून पडीक ठेवणे हा अन्याय आहे. 1970च्या दशकात सरकारी संस्थेने किमरिजियनची एकमेव कसोटी सैल केली. द्युरुप यांची बाजू वर झाली. व्हो द व्हेसारख्या नव्या बागा थेट 'प्रमिए क्रू' या वरच्या दर्जात आल्या.

या भांडणाचा दुसरा पदर वाइनच्या चवीशी जोडलेला होता. जुन्या काळी शाब्ली 132 लिटरच्या 'फयेत' नावाच्या छोट्या पिंपात मुरायची. ही पिंपे वर्षानुवर्षे वापरून जुनी झालेली असत, त्यामुळे लाकडाची चव वाइनला लागत नसे. 1970च्या दशकात स्टीलच्या टाक्या आल्या आणि बहुतेकांनी त्या पत्करल्या. फेव्र यांनी उंची वाइनसाठी नवी ओकची पिंपे वापरली. द्युरुप यांनी लाकडाला दारही उघडले नाही. मातीच्या बाबतीत जो कर्मठ, तो नवे लाकूड वापरून मातीच्या चवीवर दुसरी चव चढवत होता, आणि मातीची व्याख्या सैल करणारा मात्र तिच्या चवीत काही मिसळू देत नव्हता. दोघांचीही आपण खऱ्या शाब्लीचे रक्षक असल्याची खात्री होती. राव्हनो आणि दोव्हिसा या घराण्यांनी तिसरी वाट धरली. त्यांनी पिंपे ठेवली, पण जुनी. आज शाब्लीच्या सर्वांत महागड्या बाटल्यांवर हीच दोन नावे असतात.

या सगळ्यातून आजच्या शाब्लीच्या चार पायऱ्या घडल्या. सगळ्यांत खाली पेती शाब्ली. ती माथ्यावरच्या बागांतली, हलकी, लिंबासारखी आंबट आणि वर्षा-दोन वर्षांत प्यायची. तिच्यावर नुसती शाब्ली. सुमारे वीस गावांत पसरलेली हीच मुख्य वाइन, फिकट आणि हिरव्या छटेची. तिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो आणि घोटाच्या शेवटी ओल्या दगडासारखी, किंचित खारट कोरडी चव उरते. तिसरी पायरी प्रमिए क्रूची. कायद्याने त्यात चाळीस नामांकित जमिनी आहेत, पण लेबलांवर प्रामुख्याने थोडीच नावे दिसतात. नदीच्या उजव्या काठावरची फुर्शोम आणि मोंते द तोनेर ही जास्त भरीव, तर डाव्या काठावरची व्हायों आणि मोंमें ही जास्त सडसडीत. ही वाइन पाच ते दहा वर्षे सहज टिकते.

सर्वांत वर ग्रां क्रू. गावासमोर नदीपलीकडे नैर्ऋत्येकडे तोंड करून बसलेली एकच सलग टेकडी. तिचे सात भाग आहेत : ब्लांशो, ले क्लो, वाल्म्यूर, ग्रनुई, व्होदेझीर, प्रुज आणि बुग्रो. सगळे मिळून साधारण शंभर हेक्टर. दुपारचे ऊन पूर्ण मिळते, उतारामुळे पाणी साचत नाही आणि पायाखाली किमरिजियन. व्होदेझीर आणि प्रुज यांच्या हद्दीवर ला मुतोन नावाचा अडीच हेक्टरांहून लहान तुकडा आहे, एके काळी पोंतिन्यी मठाचा. सातांच्या यादीत त्याचे नाव नाही, तरी लेबलावर ग्रां क्रूच्या बरोबरीने ते छापायची परवानगी आहे. ग्रां क्रू तरुणपणी अबोल आणि आंबट लागते. दहा-पंधरा वर्षांनी तिच्यात मध, भाजका बदाम आणि आळंबीचा वास येतो. ती उघडायची घाई करणारा आपल्या पैशाचे नुकसान करून घेतो.

आता जमिनीचा हिशेब. 1950च्या दशकातले पाचशे हेक्टर आज साडेपाच हजारांहून अधिक झाले आहेत, आणि उत्पादनाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग परदेशी जातो. नावाचीही बरीच सोडवणूक झाली. युरोपीय संघाशी केलेला करार 2010 मध्ये लागू झाल्यावर ऑस्ट्रेलियाने हे नाव वापरणे सोडले. अमेरिकेने 2006 च्या करारात नव्या उत्पादकांना बंदी केली, पण आधीपासून वापरणाऱ्यांना मुभा ठेवली. त्यामुळे तिथे 'कॅलिफोर्निया शाब्ली' आजही कायदेशीर आहे.

दंवाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. हवामान तापल्याने पूर्वी सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये होणारी तोडणी आता सप्टेंबरच्या सुरुवातीला, कधी ऑगस्टअखेरीसच सुरू होते. द्राक्ष पूर्वीपेक्षा सहज पिकते, पण ज्या आंबटपणासाठी शाब्ली ओळखली जाते तो टिकवणे कठीण झाले आहे. शिवाय डोळे लवकर फुटतात, म्हणजे दंवाच्या तावडीत जास्त दिवस राहतात. एप्रिल 2021 मध्ये सलग काही रात्री पारा शून्याच्या खूप खाली गेला आणि मेणबत्त्या, भट्ट्या, तुषार सगळे वापरूनही पिकाचा मोठा भाग गेला.

फेव्र आणि द्युरुप यांच्या वादात कोण बरोबर होते? माझ्या मते, बाजारात द्युरुप जिंकले आणि पेल्यात फेव्र. वाढीव जमिनीमुळे शाब्ली जगभरच्या दुकानांत पोचली, गावाला पैसा मिळाला आणि तरुण मुले परतली. पण शाब्ली जगात दुसरीकडे का होत नाही, याचे उत्तर त्या शंभर हेक्टरांच्या टेकडीवर आणि तिच्याभोवतीच्या किमरिजियन उतारांवरच मिळते. तेव्हा कधी बाटली हातात आली, तर आधी लेबल पाहा. नुसते नाव पुरेसे नाही, त्याखाली फ्रान्सची आपेलासियाँ आहे का ते वाचा, आणि परवडत असेल तर एका पायरीने वरची घ्या. प्रमिए क्रू आणि साधी शाब्ली यांच्या किमतीत जेवढे अंतर असते, त्याहून जास्त अंतर त्यांच्या मातीत आहे.